पायऱ्या, पाट आणि पार: कृष्णाकाठच्या गावांचा वारसा

१७६८ मध्ये औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी वाईजवळचं मेणवली हे गाव नाना फडणविसांना इनाम दिलं. नाना तेव्हा २६ वर्षांचे होते. सात वर्षांपूर्वी ते पानिपतावरून जीव वाचवून परतले होते आणि त्या धामधुमीत त्यांची आई कायमची दुरावली होती. पुण्यातला फडणिशीचा कारभार वाढत होता, दरबारातली ओढाताण तर रोजचीच. अशा माणसाला कृष्णेच्या काठी एक लहानसं गाव मिळालं. तिथे त्यांनी वाडा बांधला, देवळं बांधली आणि नदीत उतरणारा एक देखणा घाट बांधला. या तीनही गोष्टी एकाच आखणीत बसतात. वाड्याची मागची बाजू नदीकडे जाते, तिथून वाट देवळांशी येते आणि देवळांपासून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात.

आज वाईहून धोमच्या रस्त्याला लागलं की तीनेक किलोमीटरवर मेणवली येतं. दोन्ही बाजूंना ऊस आणि हळदीची रानं, मागे पांडवगड. रस्त्यावरून पाहणाऱ्याला या गावाचा मोठेपणा कळत नाही. घरं, दुकानं, दूध डेअरी, शाळा, सगळं आसपासच्या गावांत असतं तसंच. वाड्याची उंच भिंत एका हाताला ठेवत खाली उतरलं की मग कृष्णा समोर येते आणि चंद्रकोरीसारखा वळलेला काळ्या दगडाचा घाट एकदम दृष्टीस पडतो.

हा घाट लाखो लोकांनी पडद्यावर पाहिला आहे, पण मेणवलीचा म्हणून नव्हे. २००४ साली आलेल्या ‘स्वदेस’मधलं चरणपूर हे गाव कथेत उत्तर प्रदेशातलं, चित्रीकरण मात्र मेणवलीतलं. त्यामुळे इथे येणारे बरेचसे पर्यटक शाहरुख खान कुठे बसला होता ते आधी विचारतात, आणि गावातली पोरं हौसेने ती जागा दाखवतात. त्यात वाईट काही नाही. सिनेमाच्या निमित्ताने का होईना, माणूस पायऱ्यांपर्यंत पोचतो. पण फोटो काढून तो दहा मिनिटांत पाचगणीच्या वाटेला लागतो, तेव्हा पाहण्यासारखं बरंच काही मागे राहून गेलेलं असतं.

ते मागे राहिलेलं सांगण्यासाठी पुढची पानं आहेत. धोमपासून माहुलीपर्यंतचा कृष्णाकाठ हा त्यांचा विषय. महाबळेश्वरात उगम पावलेली ही नदी पुढे कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र ओलांडून सुमारे १,४०० किलोमीटरवर बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या एवढ्या मोठ्या प्रवासात हा पट्टा अगदी सुरुवातीचा आणि लांबीने किरकोळ. पण अठराव्या शतकात छत्रपती साताऱ्याला, पेशव्यांचे सोयरे रास्ते वाईला आणि मुत्सद्दी-सावकार काठाकाठाने असल्यामुळे इथे जितकं दगडी काम झालं, तितकं एवढ्याशा अंतरात दुसरीकडे क्वचित सापडेल.

या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं: या गावांमध्ये बाग आणि वारसा या दोन वेगळ्या गोष्टी कधीच नव्हत्या, आणि दोन्हींच्या मुळाशी पाणी होतं. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठे वळतं आणि कुठे निघून जातं हे ज्याला ठाऊक होतं, त्याने घाट बांधला, विहीर खणली, आमराई लावली. आज या जागांची निगा राखायची असेल तर तेच आधी समजून घ्यावं लागेल.

पेशवाईला बागांची हौस किती होती हे पुण्यातल्या नावांवरूनच कळतं. सारसबाग, हिराबाग, तुळशीबाग, बेलबाग. यातली बेलबाग तर नानांचीच. तिथलं विष्णूचं देऊळ त्यांनी बांधलं. वाईच्या बाहेर रास्त्यांची मोतीबाग आहे, तिथल्या वाड्यातली भित्तिचित्रं मराठा चित्रकलेच्या अभ्यासात आवर्जून पाहिली जातात. देऊळ असो की वाडा, त्याच्याभोवती झाडी आणि झाडीला पाणी हे गृहीतच असे. फुलं पूजेला लागत, फळं घराला, सावली सगळ्यांना.

गावाची बाग मात्र सरदाराच्या बागेहून वेगळी. गावाला पार असतो. वडा-पिंपळाच्या बुंध्याभोवती दगडी चौथरा बांधला की तिथे पंचायत बसते, बाजार भरतो, पोरं खेळतात, दुपारी म्हातारी माणसं आडवी होतात. त्याला कुंपण नसतं आणि तिकीटही नसतं. या परिसरात झाडाने केवढं अंगण द्यावं, याचं एक उदाहरण इतिहासात नोंदलेलं आहे. वैराटगडाच्या बाजूला म्हसवे इथला वड १८८२ मध्ये मोजला गेला, तेव्हा त्याचा घेर १,५८७ फूट भरला होता. पारंब्यांवर पारंब्या टेकत एकाच झाडाचं रान झालेलं. कुणी आखलेलं नाही, कुणी उद्घाटन केलेलं नाही, तरी सातारा जिल्ह्यातल्या उद्यानांची यादी करायची तर पहिलं नाव त्याचंच घालायला हवं.

आमराईची सगळ्यात मोठी गोष्ट मात्र लिंबची. पुणे–सातारा महामार्गावरून आत वळलं की कृष्णेच्या काठी लिंब हे गाव लागतं. छत्रपती शाहू महाराजांच्या राणीवशातल्या विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात इथे विहीर बांधून घेतली. तिला सगळे बारा मोटेची विहीर म्हणतात. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडलेली उपविहीर, दोन्हींच्या मधे चक्क एक महाल. खोली सुमारे ११० फूट आणि व्यास सुमारे ५० फूट. रुंद जिन्याने उतरत गेलं की उन्हाळ्याच्या भर दुपारीसुद्धा अंगाला गारवा लागतो. दगडात कोरलेले वाघ-सिंह दोन्ही बाजूंनी पाहत असतात. आणि एवढा सगळा खटाटोप कशासाठी? तर आंब्याच्या बागेला पाणी देण्यासाठी. ती आमराई ३,३०० झाडांची होती असं सांगितलं जातं.

मोट कशी चाले हे ज्यांनी पाहिलं ती पिढी आता सत्तरीच्या पुढची आहे, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगणं बरं. बैलजोडी विहिरीच्या तोंडापासून उताराच्या धावेवरून पुढे चालू लागली की नाड्याला बांधलेली कातड्याची भरलेली मोट वर येते. मोटेच्या खालच्या अंगाला सोंड असते, तिला दुसरी बारीक दोरी. मोट काठाशी आली की सोंड आपोआप थारोळ्यात पडते आणि पाणी भसकन ओतलं जातं. थारोळ्यातून ते पाटाला लागतं आणि पाटातून झाडांच्या आळ्यांत. मग बैल मागे मागे सरकत विहिरीपाशी येतात आणि मोट पुन्हा खाली जाते. हे एका वेळी बारा मोटांवर चाललेलं मनाशी आणावं: चोवीस बैल, बारा मोटकरी, चाकांची करकर, पाटातून पळणारं पाणी. ज्या दगडांवर नाडे घासले त्यांच्यावर नजर फिरवली तर राबत्या कामाचा अंदाज येतो.

लिंबची विहीर आज पर्यटनस्थळ आहे. लोक गर्दी करतात आणि तसं झालं हे चांगलंच. पण पाहणाऱ्याला विहीर दिसते, बाग दिसत नाही. पाट कुठून कुठे गेले होते, आमराई कोणत्या बाजूला होती, हे सांगणारी एखादी आखणी तिथे असती तर विहिरीचा अर्थ दुपटीने कळला असता. या गावच्या बागेसाठी नवं काही बांधण्याआधी शंभरभर आंब्याची रोपं त्याच विहिरीच्या पाण्यावर वाढवणं अधिक शोभेल, असं या पानांचं स्पष्ट मत आहे.

पुन्हा मेणवलीकडे वळू. घाट म्हणजे पायऱ्या एवढंच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो नदीच्या स्वभावाला दिलेलं उत्तर असतो. महाबळेश्वरात वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. २०२१ च्या जुलैत तर एकाच दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर कोसळला. घाटमाथ्यावरून खाली आलं की वाईच्या बाजूला पाऊस झपाट्याने कमी होत जातो, पण माथ्यावरचं पाणी नदीतून यायचं ते येतंच. म्हणजे धरणाआधीच्या काळात कृष्णा इथे मे महिन्यात पायाच्या घोट्याएवढी आणि श्रावणात दोन पुरुष उंच अशी असे. अशा नदीशी बारमाही व्यवहार करायचा तर पाणी कुठल्याही उंचीवर असलं तरी माणसाला त्याच्यापर्यंत सुखरूप जाता आलं पाहिजे. पायऱ्या त्यासाठी. मधे मधे सोडलेले रुंद टप्पे बसायला, धुणं धुवायला, विधी करायला. आणि प्रवाहात पुढे आलेले बुरूज पाण्याचा जोर फोडायला, म्हणजे मागची माती वाहून जात नाही.

हेच शहाणपण वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळात आणखी ठळक दिसतं. पेशव्यांच्या घरात दिलेल्या गोपिकाबाई या वाईच्या रास्त्यांच्या. त्याच घराण्यातल्या गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ अगदी पात्राला लागून बांधलं. मूर्ती एकाच दगडातली, प्रचंड. पण देवळाला वळसा घालून पाठीमागे जावं. गाभाऱ्याची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती होत गेली आहे. पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. अडीचशेहून अधिक पावसाळे देऊळ तसंच उभं आहे. दर्शनाला येणाऱ्या माणसांपैकी फार थोडी ती भिंत पाहतात. वाईत आल्यावर ती पाहिल्याशिवाय जाऊ नये.

धोमला, नदीच्या वरच्या अंगाला, पाण्याशी खेळ केला आहे तो भक्तीचा. तिथल्या शिवमंदिरासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे, कुंडात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंड भरलं की कासव पाण्यावर तरंगत असल्याचा भास होतो. आता याच गावाच्या नावाचं धरण जवळच आहे, आणि मेणवली-वाईचं नदीपात्र त्या धरणातून किती पाणी सुटतं यावर अवलंबून असतं. घाट बांधणाऱ्यांनी जी नदी गृहीत धरली होती तिचा रोजचा कारभार आता पाटबंधारे खात्याच्या हाती आहे. घाटाचा विचार करताना हे विसरून चालत नाही. पात्रात पाणी साचून राहिलं की शेवाळ, जलपर्णी आणि गाळ थेट पायऱ्यांवर येतो.

मेणवलीच्या घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं आहेत आणि त्यांच्या जवळच एका छोट्या दगडी मंडपात एक घंटा टांगलेली आहे. घंटा म्हणण्यापेक्षा तिला घंटाराज म्हणावं, एवढी ती मोठी. जवळ जाऊन पाहिलं की तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि १७०७ हे साल. वसईची मोहीम चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात फत्ते केली, त्यानंतर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि देवळादेवळांत गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराची घंटा आहे ती त्यातलीच, भीमाशंकरची तशीच. मेणवलीची घंटा नानांच्या जन्माच्या आधी ३५ वर्षं ओतलेली आहे. तिच्यावरच्या सालात औरंगजेब मरण पावला होता आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत येत होते.

विजयाची खूण म्हणून आलेली ही घंटा शंकराच्या दारात टांगली, पण तिच्यावरची मेरी कुणी घासून काढली नाही. अडीच शतकं गावातली माणसं ती पाहत आली. लढाईत जिंकलेल्या वस्तूलाही तिच्या मूळच्या रूपात राहू द्यायचं, हा या घाटावरचा सर्वांत मोलाचा वारसा आहे. पर्यटकांनी फक्त एक पथ्य पाळावं: दगड किंवा लोखंड घेऊन तिचा आवाज कसा येतो ते पाहू नये. जुन्या ओतीव धातूला तडा जायला एक वेडावाकडा ठोका पुरतो.

नानांचा वाडा सहा चौकांचा. जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, एका चौकातून दुसऱ्यात नेणारे लहान दरवाजे, आणि काही दालनांच्या भिंतींवर त्या काळातली रंगचित्रं. वाडा फडणीस घराण्याच्या मालकीचा आहे, म्हणून तो पाहायला मिळतो तो त्यांच्या सौजन्याने. पण मेणवलीचं नाव इतिहासाच्या अभ्यासकांत ज्यामुळे झालं ते या भिंतींमुळे नव्हे, कागदांमुळे. नानांनी नीट लावून ठेवलेला पत्रव्यवहार इथे होता. मेणवली दप्तर म्हणून तो ओळखला जातो. द. ब. पारसनीस यांच्यासारख्या संग्राहकाने ते कागद मिळवले, त्यांतले अनेक छापले, आणि उत्तर पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा आधार घ्यावा लागला. बारभाईंचं कारस्थान, इंग्रजांशी झालेले तह, निजाम-टिपूशी चाललेली बोलणी, असल्या गोष्टी ज्याच्या हातून गेल्या त्या माणसाचे कागद या नदीकाठच्या गावात राहिले हे लक्षात घेतलं तर वाड्याची शांतता वेगळी वाटते. नाना १८०० च्या मार्चमध्ये पुण्यात वारले. मागे राहिलेली त्यांची पत्नी जिऊबाई तेव्हा अगदी लहान होती. तिच्या वाट्याला पुढे पुष्कळ पळापळ आली.

भिंतीवरच्या चित्रांचा शत्रू पाणीच असतो. कौलांमधून गळणारं एक ठिकाण, भिंतीत मुरणारी ओल, आणि चुन्याच्या गिलाव्यावरचा रंग पापुद्र्यांनी सुटू लागतो. पुष्कळदा उपाय म्हणून कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारून देतं. सिमेंट ओल आतच कोंडून ठेवतं, त्यामुळे शेजारची भिंत आणखी वेगाने बिघडते. जुन्या बांधकामातला चुना श्वास घेतो. घाणीत मळलेला, गूळ, हिरडा, बेलफळ घालून मुरवलेला तो चुना वर्षानुवर्षं घट्ट होत जातो आणि ओल बाहेर सोडतो. हे काम येणारे गवंडी अजून महाराष्ट्रात आहेत. ते मिळायला वेळ लागतो आणि निविदेच्या ठरलेल्या दरपत्रकात त्यांची मजुरी बसत नाही, ही खरी अडचण आहे.

घाटांचा आणखी एक शत्रू आहे, तो हिरवा. पक्ष्याच्या विष्ठेतून आलेलं पिंपळाचं बी दोन दगडांच्या सांध्यात रुजतं. पहिल्या पावसाळ्यात दोन पानं, दुसऱ्या पावसाळ्यात हातभर रोप. वरून छाटलं की दिसेनासं होतं, मूळ मात्र आत जाड होत राहतं आणि एक दिवस अख्खी पायरी उचलते. पहिल्याच वर्षी ते मुळासकट उपटलं तर एका माणसाचं काम पाच मिनिटांचं. दहा वर्षांनी तोच सांधा नीट करायचा तर घाटाचे दगड उतरवून पुन्हा रचावे लागतात. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस सरल्यावर, गावाने घाटावरची रोपं काढण्याचा एक दिवस ठरवला तर निम्मी डागडुजी फुकटात होते.

अशा कामाला गाव एकत्र येईल का? या पट्ट्यात तरी ही शंका घेण्याचं कारण नाही. वाईत कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटांवर होतो. अफजलखान १६५९ मध्ये चालून आला तेव्हाच्या नवसाशी त्याची परंपरा जोडली जाते. माघापासून पुढे एकेका आळीचा घाट आपापला मंडप घालतो, कृष्णाबाईची मूर्ती तिथे बसते, कीर्तनं होतात, पंगती उठतात. जवळच्या बावधनला रंगपंचमीला बगाड निघतं, त्याची सुरुवात नदीकाठच्या सोनेश्वरापासून. गुरू कन्या राशीत आला की बारा वर्षांनी कन्यागत येतं, तेव्हा तर सगळा काठ भरून जातो. मागचं कन्यागत २०१६ मध्ये झालं. ज्या घाटावर वर्षातून एकदा तरी शेकडो पानं उठतात तो घाट ओसाड पडत नाही. लोकांचा वावर हीच त्याची राखण.

माहुलीला मात्र वारसा अधिक आणि वावर विखुरलेला. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं विश्वेश्वराचं मोठं देऊळ आहे, पलीकडच्या काठावर आणखी देवळं आहेत. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. छत्रपतींच्या घराण्यातल्या माणसांच्या समाध्या इथे आहेत आणि शाहू महाराजांचा जीव वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याचीही समाधी इथेच दाखवतात. पूर आणि गाळ यांनी यांतल्या कित्येक झाकल्या गेल्या. पुढे माहुलीवर स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे एवढंच.

आता प्रश्न येतो तो नव्या बागांचा. गावाला बाग हवी, यात वाद असायचं कारण नाही. पोरांना झोके हवेत, बायकांना संध्याकाळी निवांत बसायला जागा हवी, म्हाताऱ्यांना सपाट चालायची वाट हवी. निधी मिळाला की ग्रामपंचायती बागा करतात आणि त्या बहुतेक एकाच साच्यातल्या होतात: पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, कारंजं, कमान, प्रकाशझोत आणि कडेने ड्युरांटाची कातरलेली रांग. शहरातल्या चौकात ते खपून जातं. कृष्णेच्या काठावर ते चुकतं, कारण तिथे ते पाण्याच्या आड येतं. पेव्हर ब्लॉकखाली जमीन झाकली की पावसाचं पाणी मुरत नाही, ते वाट काढत घाटाच्या मागच्या भरावात शिरतं आणि तिथून पायऱ्यांना ढकलू लागतं. जुन्या घाटांना पाठीमागचं पाणी काढून देणाऱ्या मोऱ्या असतात. काँक्रीट ओतताना त्याच आधी बुजतात.

त्याऐवजी काठाची बाग काठाच्याच झाडांची असावी. वाळुंज पाण्यात पाय सोडून उभा राहतो आणि माती धरून ठेवतो. शेरणी पात्रातल्या खडकांत रुजून पुराला वाकते, उखडत नाही. करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन ही झाडं सावली देतात, पाखरांना खायला देतात आणि दोन-तीन वर्षं जपली की पुढे त्यांना पाणी घालावं लागत नाही. घाटापासून थोडं अंतर राखून, दगडी सांध्यांत मुळं जाणार नाहीत अशा बेताने ती लावली, बुंध्याभोवती बसायला पार बांधले आणि मधून मुरमाची वाट काढली तर गावाला उद्यान मिळतं आणि घाटाला राखणदार. खर्च कारंज्याहून कमी येतो. वीजबिल तर येतच नाही.

हे कुणी करायचं? राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी १९५८ चा केंद्राचा कायदा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीने त्यांच्याभोवतीच्या १०० मीटरांत बांधकामाला मनाई झाली. राज्याचा स्वतःचा १९६० चा कायदा आहे. पण हे कायदे यादीत आलेल्या वास्तूंना लागू पडतात. कृष्णाकाठचे बहुतेक छोटे घाट, पार, समाध्या, बारव कोणत्याच यादीत नाहीत. त्यांच्यासाठी उरते ती ग्रामपंचायत. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे जे २९ विषय दिले, त्यांत सामाजिक वनीकरण आहे, सांस्कृतिक कार्य आहे आणि सामूहिक मालमत्तेची देखभालही आहे. म्हणजे झाड, उत्सव आणि पायरी, तिन्ही गावाच्याच अधिकारात येतात. ग्रामसभेने ठराव केला तर वरच्या कार्यालयाच्या परवानगीची वाट न पाहता पुष्कळ करता येतं.

पहिलं काम कागदाचं असावं. गावातल्या दहावी-बारावीच्या मुलांनी शिक्षकांच्या मदतीने आपल्या घाटाचा नकाशा काढावा: किती पायऱ्या, कोणती खचलेली, मोऱ्या कुठे उघडतात, कोणत्या सांध्यात रोपं आहेत, काठावर कोणती झाडं, पुराची सगळ्यात उंच खूण कुठे. जुन्या माणसांना विचारून पाट कुठून जात होते तेही मांडावं. मेणवलीसारख्या गावाने एकेकाळी नानांचं दप्तर सांभाळलं. आपल्या घाटाची एक वही त्याला जड नाही. ती वही हातात असली की निधी आल्यावर तो कमानीवर घालायचा की चुन्याच्या गवंड्यावर, हे ठरवणं सोपं होतं.

वाचकांसाठी थोड्या सूचना. या गावांना पावसाळा संपल्यावर यावं, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत. नदीत पाणी असतं आणि पायऱ्या निसरड्या नसतात. वाड्यात शिरण्याआधी परवानगी विचारावी आणि भित्तिचित्रांना हात लावू नये, फ्लॅशही मारू नये. घाटावर साबण, प्लॅस्टिक आणि निर्माल्य सोडू नये. लिंबच्या विहिरीच्या कठड्यावर बसून फोटो काढू नयेत, ११० फुटांची खोली आहे. ज्या गावात थांबाल तिथेच चहा घ्या, जेवा, हळद विकत घ्या, म्हणजे घाट नीट ठेवण्यात गावाचाही लाभ राहील. आणि परत गेल्यावर आपापल्या गावच्या नदीवर, ओढ्यावर, जुन्या बारवेवर एकदा जाऊन यावं. तिथली एखादी पायरी हलत असेल तर येत्या ग्रामसभेत तेवढा विषय मांडावा.